एंडोमेट्रिओसिसचा संशय, दहावीतल्या मुलीला कसं समजावू?

गोदाकाठची:
लेक १५ची, दहावीत आहे. पाळी अकराव्या वर्षी आली, पहिलं वर्षभर काही नव्हतं, पण नंतर दर महिन्याला पहिले दोन दिवस अक्षरशः गडाबडा लोळते, उलट्या होतात, आणि त्या दिवसांत शी करताना पण दुखतं हे तिने आत्ता गेल्या महिन्यात सांगितलं, तेही लाजत लाजत. मी दोन वर्षं मेफ्टाल देऊन शाळेत पाठवत राहिले, सगळ्यांनाच होतं, मलाही व्हायचं असं म्हणून. परवा तिच्या पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग दिसले, मला वाटलं त्वचेचं काहीतरी, तर डॉक्टर म्हणाल्या गरम पाण्याच्या पिशवीचे आहेत. रात्र रात्र कढत पिशवी पोटाशी धरून झोपायची पोरगी आणि मला पत्ता नाही!

आता गायनॅकने एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं बाहेर वाढतं त्या आजाराचा, संशय सांगून हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्यात. पोटावरची सोनोग्राफी मात्र नॉर्मल आहे. लेकीने गुगल केलं आणि रात्री विचारते, आई मला मुलं होणार नाहीत का? आणि रिपोर्ट नॉर्मल तर मग मी नाटक करतेय का? सासूबाई म्हणतात लग्न होऊन एक मूल झालं की आपोआप थांबतं. मला काही सुचत नाहीये.

तिखटमीठ:
ताई, मी २७ची, मला निदान व्हायला नऊ वर्षं लागली. "नाटक करतेय का" हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारायचे कारण शाळेत बाई म्हणायच्या आम्हालाही येते पाळी, आम्ही नाही सुट्ट्या घेत. तुम्ही फक्त एवढंच म्हणा की तुला दुखतं हे मला आधी कळायला हवं होतं, चुकलं माझं. माझ्या आईने हे मी २३ची असताना म्हटलं, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. गोळ्यांच्या पाकिटावर गर्भनिरोधक वाचून दचकू नका, आणि केमिस्टकडे शक्यतो तुम्हीच जा, नको त्या नजरा पोरीला.

सह्याद्री_७२:
मैदा, चीज बंद करा, मोबाईल काढून घ्या, रोज सूर्यनमस्कार. आमच्या वेळी नव्हती ही थेरं.

तिखटमीठ:
काका, होती. बायका बोलत नव्हत्या.

ओपीडीनंतर:
स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तपासल्याशिवाय औषधावर बोलणार नाही पण थोडं सांगते. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट, म्हणजे अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ, असेल तर बहुधा दिसते, पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरलेले बारीक डाग दिसत नाहीत, आणि या वयात बऱ्याचदा तेच असतात. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल म्हणजे पोरगी खोटारडी असं नाही. आम्हाला शिकवलं होतं की दुर्बिणीने आत बघितल्याशिवाय निदान नाही, पण २०२२च्या युरोपियन गाइडलाइनमध्ये लक्षणांवरून गोळ्या सुरू करायला हरकत नाही असं आहे, गोळ्यांनी फरक पडला नाही तर लॅप्रोस्कोपी, म्हणजे तीच दुर्बिणीची तपासणी.

तिला असं सांगून बघा, गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं तसलंच बाहेर कुठेकुठे चिकटतं, अंडाशयावर, आतड्यावर, पाळीच्या हार्मोन्सनी तेही फुगतं, पण बाहेर पडायला वाट नाही, मग सूज येते. गच्चीला उतार नसेल तर पाणी साचून खालच्या खोलीत ओल येते ना, तसं. मुलांचं म्हणाल तर हा आजार असलेल्या कितीतरी जणींना आपसूक दिवस जातात, काहींना उपचार लागतात, १५व्या वर्षी कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. सासूबाईंना सांगा, गरोदरपणात पाळी थांबते म्हणून बरं वाटतं, नंतर परत येऊ शकतं, तो इलाज नाही. जगात दहातल्या एकीला हा त्रास आहे, तिच्या वर्गातही एखादी असेल.

अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकतं का, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्यात का, हे डॉक्टरांना न विसरता सांगा, त्यावर गोळी ठरते. सुरुवातीचे महिने मधेच डाग लागतात, घाबरून बंद करू नका. पेनकिलर जेवणानंतर, कळ सुरू होताच. कळवळेपर्यंत थांबलात तर उपयोग कमी. मेफेनॅमिकने, म्हणजे मेफ्टालमधल्या औषधाने, अंगावर पुरळ आणि ताप आला तर मात्र लगेच थांबवून दाखवायचं.

दोनलेकींचीआई:
शाळेला डॉक्टरांचं पत्र आत्ताच देऊन ठेवा, प्रिलिमच्या आदल्या दिवशी धावपळ नको. आणि दुखण्याला दहापैकी आकडा विचारतात तो आमच्या थोरलीला जमायचाच नाही, मग तिनेच ठरवलं, ३ म्हणजे तास बसून काढता येतो, ६ म्हणजे डबा जात नाही, ९ म्हणजे उठून दार उघडता येत नाही. कॅलेंडरवर आकडे, बास. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी दोन मिनिटांत सगळं पाहिलं.

गोदाकाठची:
गच्चीचं सांगितलं तिला, हसली, म्हणे मग वॉटरप्रूफिंग कधी. कॅलेंडर फ्रीजवर नको म्हणाली, आजी वाचते, कपाटाच्या दारामागे आतून लावलंय. या महिन्याचं पहिलंच ८ लिहिलं, त्या दिवशी ती शाळेत गेली होती, मीच सोडून आले होते. गुरुवारची अपॉइंटमेंट आहे, आत मी एकटी बोलते म्हणाली. ओपीडीनंतर ताई, अर्धशिशी मला आहे, तिला नाही, तरी सांगू ना?

ओपीडीनंतर:
हो, सांगा.