मदत हवी आहे: नवीन पोर्टफोलिओ लावल्यापासून ब्लॉगचे काही जुने लेख उघडत नाहीत

रेघोट्या
नमस्कार मंडळी. पोर्टफोलिओ आणि ब्लॉग दोन्ही नव्याने केलं, काल रात्री साइट चढवली. मुखपृष्ठ आणि कामाचे नमुने झकास दिसताहेत. पण जुन्या लिंकवरून कोणी ब्लॉगवर आलं की काही लेख उघडतात, काहींना ४०४ येतं, म्हणजे पान सापडतच नाही. कुठले उघडतात आणि कुठले नाही याचा काही ताळमेळच लागत नाही. रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेण्याची सोय, लावलेले आहेत. शुक्रवारी एका प्रकाशकाला लिंक पाठवायची आहे, त्याआधी हे सुटायलाच हवं. "जुनी साइट परत लावा" असं कृपया सांगू नका. लवकर सांगा प्लीज!

खटपट्या
आधी साइट कशावर होती? आता कशावर आहे? रीडायरेक्ट कुठे लावलेत, सर्व्हरवर की आणखी कुठे? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगायचं काय?

निळीशाई
मी पोर्टफोलिओबद्दल सांगते. प्रकाशक ब्लॉग वाचत बसत नाही, पहिल्या चार-पाच चित्रांवर त्याचं मत होतं. सगळं काम मुखपृष्ठावर ओतू नका. उत्तम तेवढंच ठेवा आणि प्रत्येक चित्राखाली दोन ओळी लिहा: काम कशासाठी होतं, मागणी काय होती, तुम्ही काय ठरवलं. मी चित्रकारांना कामं देते, म्हणून कळकळीने सांगतेय. नुसत्या चित्रांच्या भिंतीवरून माणूस कसा विचार करतो ते कळत नाही.

रेघोट्या
निळीशाई, धन्यवाद, पण आत्ता प्रश्न लिंकचा आहे.
खटपट्या, वर्डप्रेसवरून ह्युगोवर आणली (डेटाबेसऐवजी साध्या फाइलींची साइट बनवतं ते). रीडायरेक्ट म्हणजे प्रत्येक लेखाच्या फ्रंट मॅटरमध्ये, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीत, एलियस (लेखाचा जुना पत्ता) टाकलेत.

बोरू
ह्युगोच्या नादाला लागलात तिथेच सगळं आलं. वर्डप्रेसमध्ये छापलेल्या लेखाचा स्लग, म्हणजे पत्त्यातलं लेखाचं नाव, बदलला तरी ते जुना लक्षात ठेवतं आणि वाचकाला आपणहून नव्या पत्त्यावर नेतं. चालतं-बोलतं घर मोडायचं कशाला? थीम बदलली असती की काम झालं असतं.

अनवट
बोरू, चित्रकाराच्या साइटला डेटाबेस हवाच कशाला? लेख एकदा लिहिला की बदलत नाही, चित्रं बदलत नाहीत. साध्या फाइली ठेवल्या की प्लगइनचे अपडेट नकोत, रोजची डोकेदुखी नको. मी माझी साइट अशीच हलवली, मागे वळून बघितलं नाही.

बोरू
आणि मोबाइलवरून एक वाक्य दुरुस्त करायचं झालं तर? फाइलींचे बदल नोंदवणारं गिट उघडायचं? लिहिणाऱ्याला लिहिणं सोपं पडलं पाहिजे, साइट बांधणाऱ्याची सोय नंतर.

खटपट्या
तुमचं भांडण वेगळ्या धाग्यात घ्या हो.
रेघोट्या, उघडणारी एक लिंक आणि न उघडणारी एक, दोन्ही जशाच्या तशा इथे टाका. होस्टिंग कुठलं तेही सांगा.

रेघोट्या
गिटहब पेजेस, डोमेन माझं स्वतःचं. आधीचंच ठेवलंय.
उघडते: /कागदाची-निवड/
उघडत नाही: /पावसाळ्यात-जलरंग-वाळवतान/
दुसरी एका वाचकाने पाठवली, त्यामुळे शेवट त्यांच्याकडूनच तुटला असावा. लेखाचं शीर्षक "पावसाळ्यात जलरंग वाळवताना घ्यायची काळजी".

पिंगळा
वाचकाकडून काही तुटलेलं नाही. तुमची जुनी लिंक तशीच होती.
वर्डप्रेस स्लगला डेटाबेसमध्ये २०० जागा देतं. देवनागरीचं एक चिन्ह तिथे टक्केवाल्या रूपात साठतं (प म्हणजे %E0%A4%AA) आणि ९ जागा खातं. काना, अनुस्वार, हलन्त, सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं मावतात. तुमचं मोजून पाहिलं: पावसाळ्यात १०, जलरंग ५, "वाळवतान" ७. झाली २२, म्हणजे १९८ जागा, वर दोन आडव्या रेघा. २०० भरले आणि "ना"चा काना बाहेर राहिला.
एलियस शीर्षकावरून बनवलेत का? छोट्या शीर्षकांचे जुळतील, लांब शीर्षकांचे नाही. तुमचा ताळमेळ बहुतेक हाच.

रेघोट्या
हो! शीर्षकावरून स्क्रिप्टने काढले होते. आत्ता यादी बघितली, न उघडणारे सगळे लांब शीर्षकांचेच आहेत. आता खऱ्या लिंक आणू कुठून? जुनं होस्टिंग बंद केलंय.

पिंगळा
ह्युगोवर येताना वर्डप्रेसची एक्स्पोर्ट फाइल काढली असेल ना? त्या एक्सएमएलमध्ये प्रत्येक लेखाची खरी लिंक आहे, तीच घ्या. टक्केवाली लिंक आधी डीकोड करून देवनागरीत आणा आणि मग एलियसमध्ये टाका, नाहीतर टक्क्यांच्या नावाचं फोल्डर तयार होईल आणि लिंक पुन्हा जुळणार नाही.

खटपट्या
पण एलियस म्हणजे खरं ३०१, म्हणजे सर्व्हरनेच केलेलं कायमचं रीडायरेक्ट, नव्हे. ह्युगो तिथे मेटा रिफ्रेशचं, म्हणजे ब्राउझरला नव्या पत्त्यावर ढकलणारं, एक पान ठेवतं. गूगलमध्ये कमावलेलं सगळं जाईल.

पिंगळा
नाही जाणार. लगेच होणारा मेटा रिफ्रेश गूगल कायमच्या रीडायरेक्टसारखाच धरतं. ३०१ जास्त चांगलं हे मान्य, पण गिटहब पेजेसवर स्वतःचे ३०१ नियम लिहिता येत नाहीत. शुक्रवारपर्यंत एलियस पुरेसे आहेत. ती पानं निदान वर्षभर तरी काढू नका.

अनवट
फीडचं, म्हणजे नवे लेख वाचकांच्या अ‍ॅपमध्ये पोचवणाऱ्या यादीचं, काय केलंत? वर्डप्रेसचा फीडचा पत्ता वेगळा, ह्युगोचा वेगळा. फीड रीडर मेटा रिफ्रेश मानत नाहीत, तिथे एलियस कामाचा नाही. जुन्या वाचकांना नवा लेख आलेला कळणारच नाही.

रेघोट्या
लांब शीर्षकांचे सगळे लेख उघडायला लागले! एक्सएमएलमधूनच लिंक काढल्या. पिंगळा, मनापासून आभार. वाळवण्याच्या लेखावरूनच मला सगळ्यात जास्त कामं येतात, तो हरवला असता तर फार लागलं असतं.
फीडचं ध्यानातच आलं नव्हतं. त्याला उपाय काय?

अनवट
होस्टिंग बदला. नेटलिफाय किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर रीडायरेक्टची साधी मजकूर फाइल ठेवता येते. एका ओळीत जुना पत्ता, नवा पत्ता आणि ३०१. फीडही नव्या पत्त्यावर जाईल आणि खटपट्यांचंही समाधान होईल. पण हे शुक्रवारनंतर करा, आत्ता डोमेनला हात लावू नका.

निळीशाई
लेखावरून साइट सापडली, पाहिली. काम सुंदर आहे, पहिलं चित्र तर फारच. फक्त शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवलंय, त्याने शिरोरेषा तुटतेय. "जलरंग"मधली चारही अक्षरं सुटी दिसतात. लेटर स्पेसिंग शून्यावर आणा, प्रकाशकाच्या डोळ्याला ते पहिल्यांदा खुपेल.