कच्चे लिंबू तेव्हाही होतेच
'पूर्वी अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे संघ कॉन्फरन्सबाहेर (म्हणजे आपल्या ठरलेल्या गटाबाहेर) तगड्यांशीच भिडायचे' हे मला अर्धंच पटतं. १९८१ चं फ्लोरिडा स्टेट घ्या. नेब्रास्का, ओहायो स्टेट, नोत्र दाम, पिट्सबर्ग, एलएसयू. लागोपाठ पाच सामने, पाचही परक्या मैदानावर! प्रशिक्षक बॉबी बाउडेनच्या पोरांनी त्यातले तीन मारले. पण तेव्हा ते कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नव्हते, बोलावतील तिथे जाणं भागच होतं. २००६ पासून हंगामातला बारावा सामना कायमचा झाला आणि घरच्या मैदानावर तिकिटं खपवायला कच्चं लिंबू बोलावणं आणखी सोपं झालं. (२००७ मध्ये अशाच एका 'लिंबानं', ॲपलाचियन स्टेटनं, मिशिगनला ३४-३२ असं पाणी पाजलं, ते वेगळं.) आणि आताचं म्हणाल तर २०२५ ला टेक्सासनं सलामीलाच ओहायो स्टेटच्या घरी जाऊन १४-७ असा मार खाल्ला, तो सामना काय सोपा होता?