सीमाभागात मुलांना इंग्रजी शब्दजाती शिकवताना: तुमचे अनुभव सांगा

टिळकवाडी, बेळगाव (आई)
माझी मुलगी पाचवीत, मराठी माध्यमात. परवा विचारत होती, "आई, नाऊन म्हणजे नाव ना? मग रेड हे रंगाचं नाव. माझं चूक का दिलं?" वाक्य होतं 'शी हॅज अ रेड बॅग'. मला तिला धड सांगता येईना. आपली मुलं घरी मराठी बोलतात, बाजारात कन्नड ऐकतात आणि वहीत इंग्रजी लिहितात. तुम्ही काय करून पाहिलंत, ते सविस्तर लिहा.

खानापूर तालुका (प्राथमिक शिक्षिका)
ताई, तिचं निम्मं बरोबर आहे, तिला तसं जरूर सांगा. 'आय लाइक रेड'मध्ये रेड नामच आहे. 'रेड बॅग'मध्ये ते पिशवी कशी आहे ते सांगतं, म्हणून विशेषण. मी व्याख्या सगळ्यात शेवटी देते. आधी शाळेच्या बागेत झारी घेऊन जातो. 'द वॉटर इज कोल्ड' म्हणत हात भिजवायचे, 'वी वॉटर द प्लांट्स' म्हणत झाडांना पाणी घालायचं. मराठीत पाण्याला 'घालणे' जोडावं लागतं. इंग्रजीत शब्द तोच राहतो, वाक्यातलं काम बदललं की जात बदलते. हे उमगलं की मुलं आपणहून शोधायला लागतात. घरी म्हशी असलेल्या एका मुलानं 'मिल्क' आणलं: दूधही मिल्क आणि धार काढणंही मिल्क! तो एरवी इंग्रजीच्या तासाला मान वर करत नसे.

निपाणी (वडील)
आमच्या मुलाला प्रश्न पडला, गुड बॉय आणि गुड गर्ल, मग गुड बदलत का नाही? आपल्याकडं चांगला मुलगा, चांगली मुलगी. शेजारची पोरगी म्हणाली, आमच्यात 'ओळ्ळे हुडुग, ओळ्ळे हुडुगी'. म्हणजे इथं इंग्रजीची चाल कन्नडसारखी! तेव्हापासून तो कन्नडच्या तासाला आनंदानं बसतो.

उचगाव (आई)
मराठीत 'टेबलावर' म्हणा की कन्नडमध्ये 'मेजिन मेले', दोन्हीकडं 'वर' मागून येतं. इंग्रजीत 'ऑन' आधी. आम्ही डबा आणि गोटी घेऊन इन, ऑन, अंडर खेळलो. आठवड्यात जमलं.

शहापूर, बेळगाव (शिकवणी घेते)
माझ्याकडची मुलं 'आय लर्निंग' लिहितात. कारण आपल्या बोलीत 'मी शिकूलालो' म्हटलं की एकाच शब्दात काम भागतं. इंग्रजीत त्याचे दोन तुकडे, 'ॲम' आणि 'लर्निंग', आणि दोन्ही क्रियापदंच. मी बोलीतलं वाक्य फळ्यावर तसंच लिहून घेते. 'शुद्ध बोल' म्हणून पोरांना गप्प करू नका, हात जोडून सांगते. गप्प झालेलं पोर 'ॲम' कुठं विसरतं तेही कळत नाही.

चिकोडी (आजोबा)
आमच्या घरी एकादशी पाळतात, म्हणून नातीला 'फास्ट' दिला. 'अ फास्ट ट्रेन' विशेषण, 'रन फास्ट' क्रियाविशेषण, 'वी फास्ट ऑन एकादशी' क्रियापद आणि द्वादशीला आजी उपवास सोडते तेव्हा 'आजी ब्रोक हर फास्ट', ते नाम. चारही वाक्यं तिनं स्वतः लिहिली. आता 'वेल' घेऊन बसली आहे. विहीर झाली, 'शी सिंग्ज वेल' झालं, 'आय ॲम वेल' झालं. चौथी जात कुणाला सुचते का? ती वाट बघतेय.