मंदीत गाडीकंपन्या तगतात कशा?

उद्यमबागचा_टर्नर:
बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझ्या दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ) आणि एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवरचंच उभं मिलिंग-ड्रिलिंग मशीन) आहे. फाउंड्रीतून गाडीच्या भागांचं कास्टिंग (ओतीव काम) येतं, बोअर-फेसिंग म्हणजे भोक आणि तोंड साफ कापून आम्ही पुण्याच्या पार्टीला पाठवतो. या महिन्याचं शेड्यूल, म्हणजे मालाची मागणी, निम्म्यावर आलंय. 2019 आठवलं. तेव्हा रात्रपाळी बंद, आठवड्यातले तीन दिवस शटर खाली. पुढं बीएस-6 या धुराच्या नव्या नियमांची धांदल आणि वर लॉकडाऊन. एप्रिल 2020 मध्ये मारुतीची देशात एकही गाडी विकली गेली नाही, तरी कंपनी उभीच की! त्यांना जमतं कसं? आमचा मशीनचा हप्ता काय मंदी बघून थांबत नाही.

निपाणीकर:
रोकड हो, दुसरं काय! फोर्डनं 2006 मध्येच, वारं फिरायच्या आधी, कारखान्यांसकट तो निळा लोगोसुद्धा गहाण टाकला आणि 23 अब्ज डॉलरच्या वर कर्जाची सोय करून ठेवली. 2009 ला अमेरिकेतल्या जनरल मोटर्स, क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या, फोर्ड वाचली. तीच फोर्ड भारतात चालेना म्हटल्यावर 2021 मध्ये इथलं उत्पादन गुंडाळायला निघाली.

खानापूरचा:
त्याच 2009 मध्ये अमेरिकेत ह्युंदाईनं सांगितलं, वर्षभरात नोकरी गेली तर गाडी परत करा. उद्या पगार येईल का या धास्तीनं गिऱ्हाईक मागं फिरत होतं, ते वळवलं.

उद्यमबागचा_टर्नर:
माझं गिऱ्हाईक एकच, आणि शेडवरची गंजकी पाटी कुठली बँक गहाण घेणार?

मच्छेकर_काका:
पाटी राहू दे बाबा. मोठ्यांचंही एकट्यानं भागत नाही. 2019 ला मारुतीची बलेनोच बिल्ला बदलून टोयोटाच्या शोरूममध्ये ग्लांझा म्हणून उभी राहिली.
त्याच वर्षी मी व्हीएमसीवर हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह ब्लॉक (आतून तेल फिरायला भोकं पाडलेले ठोकळे) घ्यायला लागलो. लॉट वीस-पंचवीस नगांचा, सेटिंगमध्येच अर्धा दिवस जातो, म्हणून आधी नको म्हणत होतो. पहिल्याच लॉटमधले सहा नग परत आले. आडव्या भोकात, दोन भोकं मिळतात तिथं, बर म्हणजे धातूची बारीक कड राहिली होती. वरून बोट फिरवून कळत नाही. बॅटरी मारून आत बघावं लागतं. पोराला तेच काम दिलं, तेव्हा कुठं नग पास व्हायला लागले. गाडीच्या कामाएवढे पैसे नाहीत, पण ऑपरेटर टिकले. ते ठोकळा पकडायचं फिक्स्चर अजून पडून आहे, बघायचं तर ये.

उद्यमबागचा_टर्नर:
उद्या दुपारी येतो काका. ड्रॉइंग असलं तर काढून ठेवा. ऑपरेटरलाही आणतो, तसाही रिकामाच बसलाय.