चित्रं आणि कविता, दोन्ही होतील असं बेट सुचवा

रंगपेटी: सप्टेंबरात आठवडाभर सुट्टी आहे. राहतो ब्रिस्टलला. मी जलरंगात निसर्गचित्रं करते, नवरा कविता करतो (कुणाला दाखवत नाही, तो भाग वेगळा). रोज नवं ठिकाण बघत पळायचं नाहीये. एका जागी बसता येईल असं बेट?

खारावारा: डोळे मिटून गर्न्सी, इंग्लिश खाडीतलं फ्रान्सजवळचं बेट. फ्रेंच चित्रकार रेन्वार १८८३ च्या सप्टेंबरातच तिथे महिनाभर होता. पंधराएक चित्रं केली, बहुतेक मूलां ह्युएच्या किनाऱ्याची. एकच किनारा, पण भरती-ओहोटीतला फरक उधाणाला १० मीटरच्या घरात, मुंबईच्या जवळजवळ दुप्पट. सकाळी रेखाटलेला खडक दुपारी गायब! रेन्वारच्या जागांवर आता रिकाम्या चौकटी उभ्या केल्यात. मला नाही आवडल्या, दुसऱ्याने ठरवलेल्या चौकटीतून आपण काय बघायचं? ताई, तुम्ही सरळ खाली वाळूत उतरा.

रंगपेटी: नवरा म्हणतो, हे तुझंच बेट झालं, माझं काय?

शाईचाडाग: त्यांना ह्यूगोचं घर दाखवा. फ्रेंच कवी-कादंबरीकार व्हिक्टर ह्यूगो हद्दपारीत १८५५ ते १८७० गर्न्सीत होता. सेंट पीटर पोर्टमधलं ओतव्हील हाउस त्याने १८५६ मध्ये घेतलं, तेही कवितासंग्रहाच्या कमाईतून. कवितेच्या पैशातून घर, हे त्यांना दोनदा वाचून दाखवा :) सगळ्यात वर काचेची खोली आहे, तिथे तो उभ्याने लिहायचा. हवा स्वच्छ असली की समोर फ्रान्सचा किनारा. शाईची चित्रंही ढीगभर केली त्याने, तेव्हा तुझं-माझं बेट हे भांडण तिथेच मिटेल. घर गाइडबरोबरच बघता येतं, बुकिंग आधी करा.

एकटाकावळा: गर्न्सीत मोटारी फार, रस्ते अरुंद. एक दिवस बोटीने शेजारच्या छोट्या सार्क बेटावर जा. तिथे मोटारीच नाहीत. ट्रॅक्टर आहेत, पण तेवढं चालतं. आणि हो, गर्न्सीच्या स्वतःच्या वेगळ्या पौंडाच्या नोटा असतात, त्या तिथेच संपवा, ब्रिस्टलचे दुकानदार घेत नाहीत.

रंगपेटी: ठरलं, इंग्लंडमधल्या पूल बंदरातून बोट बघतेय. भरतीचं वेळापत्रक खरंच लागतं का?

खारावारा: लागतंच. माझी रंगांची पिशवी दोनदा भिजली आहे. दुसऱ्यांदा तर वेळापत्रक त्याच पिशवीत होतं.