शुभम शेळके यांची 1,17,174 मतं: समितीनं त्यांचं काय केलं?

अनगोळकर
भाजपचे खासदार सुरेश अंगडी यांच्या निधनानं 2021 ला बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक लागली. त्यांच्या पत्नी, भाजपच्या मंगला अंगडी फक्त 5,240 मतांनी आल्या. कर्नाटकातला मराठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या शुभम शेळकेंनी 1,17,174 मतं घेतली. भाजप-काँग्रेस, दोन्ही राष्ट्रीय पक्षांना घाम फुटला. एवढा विश्वास मिळवलेल्या तरुणाच्या हाती समितीची सूत्रं द्यायला हवी होती.

वडगावचा मतदार
भावना पटते, हिशोब पटत नाही. एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत, डिपॉझिट गेलं. चारच महिन्यांनी महापालिकेत 58 पैकी 35 जागा भाजपला. गल्ल्या त्याच, मतदार तेच. लोकसभेला मराठी म्हणून मत देणारा माणूस पाण्याच्या तक्रारीसाठी कुणाच्या दारात जातो, ते बघा की!

खानापूरची सून
भाऊ, डिपॉझिटचा हिशोब पुरा मांडा. आमचं खानापूर लोकसभेला उत्तर कन्नडला जोडलंय, निपाणी चिक्कोडीत. बेळगावात मात्र गोकाक, अरभावी, सौंदत्ती, बैलहोंगल, रामदुर्ग. तिथं मराठी मत ते किती? मराठी पट्टाच तीन ठिकाणी वाटलाय. या वाटणीत कुणीही उभा राहिला तरी डिपॉझिट राखणं अवघडच.
आमचे सासरे शेताचा उतारा घेऊन शेजारच्या पोराकडं जातात, कन्नड वाचता येत नाही म्हणून. पोरगा बोट ठेवून सर्व्हे नंबर सांगतो, हे मान डोलवतात. समितीला मत देताना त्यांच्या डोळ्यांसमोर तो कागद असतो.

वडगावचा मतदार
वहिनी, वाटणीचं खरं आहे. पण तो कागद मराठीत मागायला विधानसभेत माणूस लागतो. 2013 ला बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील, खानापुरातून अरविंद पाटील आले होते. 2018 ला समितीत दोन गट, आणि हाती भोपळा. 2023 लाही भोपळाच. शेळके सभा गाजवतात, पण बूथवर संध्याकाळपर्यंत बसणारी माणसं कुठं आहेत?

अनगोळकर
गटबाजी ज्येष्ठांनी केली, तिचा जाब तरुणांना का? सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून पडून आहे. तोवर पोरांनी नुसत्या सतरंज्या उचलायच्या? वॉर्ड त्यांच्या ताब्यात द्या, बूथवर माणसं आपोआप दिसतील.

वडगावचा मतदार
द्या की, माझी ना नाही. पण उमेदवार एकच असेल, हे सगळ्यांनी आधी लिहून द्यावं. नाहीतर महापालिकेला माझं मत पुन्हा काम करणाऱ्यालाच.