रात्र गेली म्हणून ‘सवाई’ मैदानातून हलवायचा का?

(चार जणांची चर्चा; मारवा, दरबारी, ध्वनिवाला आणि खर्ज ही त्यांची टोपणनावं.)

मारवा
एक पोस्ट सगळीकडे फिरते आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: रात्री दहाच्या बंधनाने पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचा प्राण गेला, मालकंस, दरबारी, ललत हे रात्री-पहाटेचे राग हद्दपार झाले, मैदानावर आता फक्त खाण्यापिण्याची जत्रा उरली; तेव्हा महोत्सव बंदिस्त सभागृहात न्या आणि पुन्हा पहाटेपर्यंत चालवा. हे वाचून गप्प बसवेना.

१९५३ साली भीमसेनजींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला आणि पुढे कित्येक वर्षं तो रात्रभर चालला, हे मान्य. पण २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचे ध्वनिवर्धक रात्री १० ते सकाळी ६ बंद झाले. राज्य सरकारला वर्षातले फार तर १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच कायम ठेवलं. यात आयोजकांचा दोष काय?

आणि रात्र गेली तेव्हा दुपार हाती आली, याबद्दल कुणी बोलत नाही. रात्रीच्या महोत्सवात मुलतानीसारख्या दुपारच्या रागाला जागाच नसते. भीमपलास, पटदीप, मधुवंती हे राग एरवी सभागृहातल्या संध्याकाळच्या मैफलीतही क्वचितच वेळेवर येतात, कारण मैफल सुरू होईपर्यंत त्यांची वेळ उलटलेली असते. दुपारी तीन-चारला सुरू होणाऱ्या सत्रात ते आपल्या वेळेला गायले जातात आणि नंतर मावळतीला मारवा, पूरिया, श्री येतात. उजेड उतरताना उघड्या मैदानावर पूरियाचा कोमल रिषभ लागतो, ते वातानुकूलित सभागृहात कसं मिळणार?

दरबारी
असहमत. दुपार मिळाली हे खरं, पण कोणत्या किमतीत? कलाकार तेवढेच आणि तास कमी, म्हणून एकेकाच्या वाट्याला पाऊण तास ते तास. विलंबित (संथ) एकतालाची बढत, म्हणजे रागाचा हळूहळू विस्तार, मंद्रातून (खालच्या सप्तकातून) तार षड्जापर्यंत (वरच्या सा पर्यंत) नीट करायची तर तिलाच चाळीस मिनिटं हवीत. मग गायक पंधरा मिनिटांत षड्ज गाठतो, द्रुत (जलद भाग) उरकतो, वर भजनाची फर्माईश पुरी करतो. रागाची वेळ सांभाळली, पण राग कुठे सांभाळला?

नियम उघड्या जागेला आहे, बंद सभागृहाला मुभा आहे. कोलकात्याची डोव्हर लेन परिषद जानेवारीत नझरुल मंचावर रात्र-रात्र चालते, डोक्यावर छप्पर आहे म्हणूनच. तिथे ललत पहाटे होतो. पुण्याला हे का जमू नये?

मारवा
कारण माणसं बसवायची कुठे? बालगंधर्व रंगमंदिरात हजारसुद्धा मावत नाहीत. आत गेलो की तिकीट महागणार आणि भारतीय बैठकीवाला विद्यार्थी पहिला बाहेर पडणार. वेळ अपुरा पडतो हे मात्र मान्य करतो. त्यावर उपाय कलाकार कमी करण्याचा आहे, भिंती बांधण्याचा नाही.

ध्वनिवाला
दोघेही मूळ दुखणं सोडून बोलताय. मैदानावर अडचण येते ती आवाजाची, आणि ती सुटण्यासारखी आहे.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. सगळे स्पीकर स्टेजलाच टांगले आणि ८० मीटरवरच्या श्रोत्याला ७५ डेसिबल द्यायचे ठरवले, तर १० मीटरवर बसलेल्याच्या कानावर ९३ आदळतात. म्हणून पुढचे कान दाबतात आणि मागचे बोलत बसतात. त्याऐवजी मधे कमी ताकदीचे खांब उभे करा आणि त्यांना डिले द्या, म्हणजे त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडा. थंड संध्याकाळी आवाज सेकंदाला ३४० मीटर धावतो, म्हणजे ५० मीटरवरच्या खांबाला १४७ मिलिसेकंद, वर आणखी १०-१५. तेवढे जास्त दिले की कानाला आवाज स्टेजवरूनच येतोय असं वाटतं. ते विसरलं की प्रत्येक तान दोनदा ऐकू येते आणि तबल्याच्या तिरकिटाचा चिखल होतो.

नियमांचंही त्यातच भागतं. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि मैदानाच्या हद्दीवर त्याहून १० च जास्त चालतात, म्हणजे ६५. सूर्य बुडाला की जमिनीलगतची हवा आधी थंड होते, वरची उबदार राहते आणि आवाज खाली वाकून लांबच्या घरांपर्यंत जातो. दुपारी न पोचणारा डग्गा रात्री नऊला पोचतो तो यामुळे. शेजाऱ्यांची तक्रार खोटी नसते.

आणि सभागृह म्हणजे उत्तम ध्वनी हा भ्रम सोडा. लंडनचे प्रॉम्स हे संगीत महोत्सव १९४१ पासून रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये होतात. त्या घुमटाखाली इतका प्रतिध्वनी यायचा की १९६९ मध्ये छताला फायबरग्लासच्या मोठमोठ्या तबकड्या टांगाव्या लागल्या.

खर्ज
स्पीकरचं बोलून झालं असेल तर स्टेजवर काय चालतं तेही बघा. कितीतरी महोत्सवांत मागे दोन तानपुरे दिसतात, ऐकू मात्र येतो तानपुऱ्याचा आवाज काढणारा इलेक्ट्रॉनिक डबा. तो थेट मिक्सरमध्ये जोडलेला असतो आणि तानपुऱ्यांचे माइक जवळजवळ बंद. हे श्रोत्यांना फसवणं आहे.

ध्वनिवाला
फसवणूक हा शब्द मागे घ्या. डिसेंबरात उघड्यावर तानपुरा टिकत नाही. दिव्यांच्या उष्णतेने तार सैल होऊन उतरते, त्याच कोरड्या उष्णतेने तबल्याची पुडी (वरचं चामडं) ताणून चढते, पेटी जवळपास तिथेच राहते. दव पडलं की नेमकं उलट: पुडी ओलसर होऊन तबला उतरतो, गार तार चढते. गायकाने कोणाच्या षड्जाला लागायचं? डबा निदान हलत तरी नाही.

खर्ज
शब्द मागे घेत नाही. तार का उतरते ते कळलं तर उपायही कळतो. खर्जाची (सगळ्यात खालच्या षड्जाची) पितळी तार सैल ताणाची असते आणि पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणून आधी खर्ज उतरतो, जोड (मधल्या दोन तारा) नंतर. ग्रीनरूममध्ये लावलेला तानपुरा स्टेजवर आणला की दहा मिनिटांत तो बिघडणारच. दोन्ही तानपुरे अर्धा तास आधी स्टेजवर, त्याच दिव्यांखाली ठेवा. आधी जोड मिळवा, मग खर्ज, शेवटी पहिली तार: पंचम, मालकंसाला मध्यम, मारवा-पूरियाला निषाद. खुंटीने जवळ आणा, बारीक फरक तारेवरच्या मण्याने काढा, त्यानंतरच तारेखालचं सूत सरकवून जवारी (तारेची गुंजणारी झंकार) खोला. विलंबित संपलं की दोन मिनिटं थांबून पुन्हा मिळवा. श्रोते थांबतात.

आणि डबा हलत नाही म्हणून तो बरा, हा कसला निकष? नीट लागलेल्या खर्जातून गंधार आपोआप उमटतो. डब्याच्या वीतभर स्पीकरमधून पुरुषी खर्जाचा मूळ नादच बाहेर पडत नाही, त्या गंधाराची तर गोष्टच सोडा.

दरबारी
याला पूर्ण पाठिंबा. आणि म्हणूनच मी बंदिस्त जागा मागतोय. तिथे दव नाही, वारा नाही.

खर्ज
तिथे एसीचा झोत थेट स्टेजवर येतो, तो दवापेक्षा वाईट. जालंधरचं हरिवल्लभ संमेलन १८७५ पासून ऐन डिसेंबरच्या थंडीत भरतंय. थंडीचं निमित्त सांगू नका.

ध्वनिवाला
ठीक आहे, अर्धा तास आधी तानपुरे स्टेजवर ठेवायला हरकत नाही. पण मग आधीच्या कलाकाराचं सादरीकरण सुरू असताना ते ठेवायचे कुठे, आणि लावायचे कसे? दोन कलाकारांमध्ये मिळतात दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात सात-आठ माइक बदलायचे, मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) तपासायचा. गायकाला मैदानावर भिंतीचा प्रतिसाद मिळत नाही, म्हणून तो मॉनिटर वाढवायला सांगतो. मॉनिटर वाढला की तो तानपुऱ्याच्या उघड्या माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. त्या क्षणी सगळ्यात आधी खाली जातो तो तानपुऱ्याचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची पट्टी). डबा येतो तो तिथून.

खर्ज
स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात पडद्याआड जागा करा, हवा तीच राहते. माइक भोपळ्यासमोर नको, घोडीपासून (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीपासून) वीतभर अंतरावर, मॉनिटरकडे पाठ करून लावा. शिट्टी निम्मी तिथेच थांबते.

ध्वनिवाला
माइकची पाठ मॉनिटरकडे, हे बरोबर आहे. जागेचं मात्र स्टेज बांधतानाच ठरायला हवं, ऐनवेळी होत नाही.

मारवा
म्हणजे कलाकार कमी केले तर दरबारींना हवा तो वेळ मिळतो, आणि मधली वीस मिनिटं मिळाली तर तानपुरेही लागतात. दोन्ही मैदानावरच होतं.

दरबारी
सत्रात तीनच कलाकार ठेवणार असाल तर मैदानाला माझा विरोध नाही. पण ललतचं काय ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

मारवा
सकाळी सहाला बंधन उठतं. रविवारी साडेसहाला सत्र सुरू करा. ललत काठावर बसेल, भैरव, अहिर भैरव, तोडी हक्काने बसतील.

दरबारी
डिसेंबरात साडेसहाला मैदानावर येणाऱ्यांची यादी करायला घ्या. माझं नाव लिहा.